डाव्या पायाचं शिक्षण

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला पंधरावा नियम फार थोड्यांनी वाचलेला असतो. पक्कं लायसन्स देण्याआधी परीक्षेला आलेल्या माणसाकडून काय काय करून घ्यायचं, ते या नियमात सांगितलं आहे. गाडी झटका न देता हलवावी आणि गिअर वाढवत वाढवत शेवटच्या गिअरपर्यंत न्यावी. रहदारी पाहून चटकन खालच्या गिअरवर यावं. उतारावर गिअर उतरवावेत. आणि त्यातच सगळ्यात अवघड काम येतं : तीव्र चढावर गाडी थांबवायची आणि हँडब्रेक वापरून, किंवा अॅक्सिलरेटर आणि पायब्रेक यांचा मेळ घालून, जराही मागे न घसरू देता पुन्हा पुढे काढायची.

गिअरच्या गाडीचं सगळं शिक्षण या चार-सहा ओळींत आलं आहे. स्टीअरिंग धरणं, आरसे बघणं, लेन सांभाळणं हे कुठल्याही गाडीत शिकावं लागतं. गिअरच्या गाडीत भर पडते ती डाव्या पायाची. आणि आपल्या शहरांत आज ज्या पद्धतीने गाडी शिकवली जाते, तिच्यात नेमका हा डावा पायच कच्चा राहतो. लायसन्स पाकिटात असतं, गाडी पार्किंगमध्ये असते, पण चालवायची वेळ आली की किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली जाते. अशी माणसं प्रत्येक सोसायटीत सापडतील. त्यांना रस्त्याची भीती वाटते असं म्हटलं जातं. खरं तर बहुतेकांना भीती वाटते ती चढावर, मागे गाडी उभी असताना, इंजिन बंद पडण्याची.

मुळात क्लच लागतो कशाला, हे शिकणाऱ्याला बहुधा कुणी सांगतच नाही. ‘दाबा’ आणि ‘सोडा’ एवढ्यावर काम भागवलं जातं. छोट्या गाडीचं पेट्रोल इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. त्याहून फार खाली ते जाऊच शकत नाही. धडपडतं आणि बंद पडतं. विजेच्या मोटरीला शून्यापासून फिरता येतं, इंजिनाला येत नाही. इकडे उभ्या गाडीची चाकं तर शून्यावरच असतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे चौदा-पंधरा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास धरला, तर 800 फेऱ्यांना गाडीचा वेग येतो ताशी जवळपास सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. शून्य ते सहा हा जो टप्पा आहे, तो एकट्या क्लचने पार करून द्यायचा असतो. शिकणाऱ्यांच्या गाड्या बंद पडतात त्या बहुतेक याच टप्प्यात.

क्लचची रचना साधी आहे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चक्र असतं. त्याच्याशेजारी वीतभर व्यासाची क्लच प्लेट, तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचा थर, आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी स्प्रिंगची प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की हा दाब निघतो, इंजिन आपलं फिरत राहतं आणि चाकं मोकळी होतात. पेडल पूर्ण सोडलं की प्लेट घट्ट बसते आणि इंजिन, गिअरबॉक्स एकजीव होऊन फिरतात. या दोन्हींच्या मधे एक अरुंद जागा आहे. तिथे प्लेट टेकलेली असते, पण घसरतही असते. आणि घसरता घसरता चाकांना वेग देत असते. सुटलेली लोकल पकडणारा माणूस फलाटावर डब्याबरोबर धावून आधी वेग जुळवतो आणि मग पाय टाकतो, तसंच काहीसं काम ही प्लेट दर वेळी करते. आपल्याकडे या जागेला सगळे ‘हाफ क्लच’ म्हणतात, पण ती पेडलच्या नेमकी अर्ध्यावर असेल असं नाही. काही गाड्यांत ती खाली असते, काहींत बरीच वर. प्लेट झिजत जाते तशी काही गाड्यांत ती हळूहळू सरकतेही. म्हणून नव्या गाडीत बसलेला मुरलेला ड्रायव्हरसुद्धा पहिल्यांदा डाव्या पायाने अंदाज घेतो.

ही जागा डोळ्यांना दिसत नाही, ती अंगाला कळते. पहिला गिअर टाकून पेडल सावकाश वर येऊ दिलं की एका क्षणी इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो. सीटखाली बारीक थरथर येते. बॉनेटचा पुढचा भाग जरासा उचलल्यासारखा वाटतो. पाय तिथेच थांबवायचा. गाडी सरकू लागली तरी थांबवायचा. नव्या माणसाची चूक हमखास इथे होते : गाडी हलली या आनंदात तो पाय एकदम उचलतो, उरलेला वेगातला फरक प्लेटला एका झटक्यात भरून काढावा लागतो, गाडी दोन-तीन गचके खाते आणि बंद पडते. गाडी चालण्याच्या वेगाला येईपर्यंत दोन सेकंद पाय स्थिर राहिला, तर उरलेलं पेडल सोडल्याचं आत बसलेल्यांना कळतही नाही.

यावर एक चांगला सराव आहे आणि तो सपाट मोकळ्या जागेवर कुणालाही करता येतो. अॅक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. फक्त क्लचवर गाडी हलवायची, पाच-दहा फूट नेऊन थांबवायची, पुन्हा हलवायची. आजच्या इंजिनातला कॉम्प्युटर भार वाढला की फेरे पडू नयेत म्हणून स्वतःच इंधन वाढवतो, त्यामुळे पाय सावकाश सुटला तर सपाटीवर गाडी अॅक्सिलरेटरशिवाय आरामात निघते. डिझेलला तर खालच्या फेऱ्यांतच जोर जास्त. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ही सोय नव्हती. तिथे दोन्ही पाय पहिल्या दिवसापासून एकत्र चालवावे लागत. आज डाव्या पायाला एकट्याला शिकायची संधी आहे, ती घेतली पाहिजे.

हा सराव करण्याआधी बसणं नीट हवं. क्लच तळाशी दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे हवी. उंची कमी असेल तर पाठीमागे उशी घ्यायला लाजू नये, नाहीतर पेडल पूर्ण दाबलंच जात नाही आणि गिअर कुरकुरत पडतो. जाड तळव्याच्या किंवा टाचेवरून निसटणाऱ्या चपला घरी ठेवाव्यात. ज्या पायाला थरथर ओळखायची आहे, त्याच्या आणि पेडलच्या मधे दोन इंच फोम असून चालणार नाही.

महाराष्ट्रात एक काळ असा होता, की गाडी शिकायला येणाऱ्याला क्लच नवा नसे. पुण्याच्या आकुर्डीत 1972 पासून बजाजची चेतक तयार होऊ लागली आणि पुढची दोन दशकं मध्यमवर्गीय घरातला पुरुष डाव्या हाताने क्लच दाबून, तीच मूठ फिरवून गिअर टाकत वाढला. क्लच एकदम सोडला की स्कूटर उडी मारते, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. ते ज्ञान हातातून पायात उतरवायचं, एवढंच उरे. त्याच 1972 साली पुण्याच्याच कायनेटिकने लुना आणली. तिला गिअर नव्हते. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, बटन दाबून चालू होणारी आणि गिअरची कटकट नसलेली. मग स्कूटी, अॅक्टिव्हा. या गाड्यांनी मुलींना आणि बायकांना जे स्वातंत्र्य दिलं, त्याचं मोल फार मोठं आहे. पण याचा एक परिणाम असा झाला, की आज वयाच्या तिशी-चाळिशीत गाडी शिकायला येणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी, आणि अॅक्टिव्हावरच वाढलेल्या तरुण मुलांनीही, आयुष्यात क्लच कधी हाताळलेलाच नसतो. ‘बायकांना गाडी जमायला वेळ लागतो’ असं सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. वेळ लागतो तो आधी क्लच न वापरलेल्या माणसाला, मग तो कुणीही असो.

चारचाकीतही पिढी बदलली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनीत गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला असे. अॅम्बेसेडरमध्येही तेच. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि दोन सीटच्या मधे जमिनीतून वर आलेला छोटा दांडा बघता बघता सगळ्यांचा झाला. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर 2023 मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. त्या टॅक्सीचा चालक डाव्या हाताने स्टीअरिंगजवळच गिअर कसा बदलायचा, हे ज्यांनी मागच्या सीटवरून पाहिलंय, त्यांना ते कसब आठवत असेल.

आता आजच्या शिकवणीकडे यावं. शिकाऊ लायसन्स महाराष्ट्रात 2021 पासून घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देऊन काढता येतं. ते सहा महिने चालतं, आणि मिळाल्यापासून किमान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही. गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, गाडी आवरता येईल अशा जागी, बसवायचा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी नियम आणखी सविस्तर आहेत. छोट्या खासगी गाडीचं प्रशिक्षण 21 दिवसांहून कमी नसावं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं दहा तासांहून कमी नसावं, असं ते सांगतात. रोज अर्धा तास म्हणतात तो यातूनच आला. स्कूलमध्ये गिअरबॉक्स, ब्रेकशू, ब्रेकड्रम असे प्रत्यक्ष भाग दाखवायला ठेवलेले असावेत, हेही नियमातच आहे. किती शिकणाऱ्यांना ते कुणी हातात घेऊन दाखवतं? फी भरताना हा प्रश्न जरूर विचारावा.

आणखी एक अट आहे ती ड्युअल कंट्रोलची, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेल्या जादा ब्रेक आणि क्लचची. सुरक्षेसाठी ही सोय हवीच. तिने किती अपघात टळले असतील याची गणती नाही. पण शिक्षणाचा घोळ होतो तोही याच पेडलपाशी.

पुण्यात कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे पौड रस्ता चढत जातो. सकाळी पावणेसातला तिथे स्कूलची गाडी घेऊन चाळिशीच्या एक बाई निघाल्या आहेत असं समजा. बसस्टॉपवर पीएमपीएमएलची बस थांबते, तिच्यामागे चढावर यांनाही थांबावं लागतं. बस निघते.

“मॅडम, फर्स्ट टाका. क्लच सोडा. हळू. रेस द्या थोडी.”

“सर, मागे रिक्षा आहे.”

“असू दे. मी आहे ना. सोडा तुम्ही.”

गाडी अलगद निघते. बाईंना हुरूप येतो, चढावर जमलं म्हणून. डावीकडे बसलेल्या सरांनी या सगळ्या वेळात स्वतःचा ब्रेक धरून ठेवला होता, त्यांच्या क्लचवर पाय ठेवून तो त्यांच्या अंदाजाने सोडला होता, हे बाईंना दिसलेलं नाही. दोन्ही क्लच एकमेकांना जोडलेले. खालचा पाय दुसऱ्याचा असेल तर वरचा पाय काहीच शिकत नाही. सर वाईट नाहीत. मागे हॉर्न वाजतायत, साडेसातला पुढची बॅच आहे, गाडी मालकाची आहे आणि क्लच प्लेट जळाली तर बोलणी त्यांनाच खावी लागणार. म्हणून ते गाडी सांभाळतात. पण 21 दिवस असे गेले की बाईंना स्टीअरिंग येतं, सिग्नल कळतात, आणि क्लच मात्र सरांकडेच राहतो. लायसन्सनंतर घरच्या गाडीत त्या पहिल्यांदा एकट्या बसतात, तेव्हा तो नसतो.

चांगले शिकवणारे हे जाणतात. ते पहिले दोन-तीन दिवस रस्त्यावर नेतच नाहीत. मैदानावर किंवा रिकाम्या प्लॉटवर नेऊन गाडी बंद पडू देतात, पुन्हा पुन्हा. गाडी बंद पडण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पाय क्लचवर अर्धवट ठेवून गाडी चालवण्याने. प्लेट सतत घासत राहते, तापते, आणि केबिनमध्ये तो ओळखीचा जळका वास येतो. गाडी चालू लागल्यावर डावा पाय क्लचवरून काढून बाजूला, जमिनीवर किंवा तिथल्या टेकूवर ठेवायचा, ही सवय पहिल्या आठवड्यात लागली तर लागते.

चढाचं म्हणाल तर आजच्या शहरी माणसाचा रोजचा घाट म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प. अरुंद, तीव्र, मधेच वळणारा, वर रखवालदार दुसरी गाडी येऊ देतोय आणि मागे शेजारी उभे. यासाठी पंधराव्या नियमातली हँडब्रेकची पद्धत निर्धोक आहे आणि ती शांतपणे शिकावी. हँडब्रेक ओढलेला, बटन अंगठ्याने दाबून धरलेलं. पहिला गिअर. उजव्या पायाने इंजिनाचा आवाज जरा वाढवायचा आणि तिथेच स्थिर ठेवायचा. आता डावा पाय सावकाश वर. आवाज खाली उतरला आणि गाडीचं तोंड उचललं की समजायचं, गाडी हँडब्रेकशी ओढाताण करू लागली. मग हँडब्रेक खाली. गाडी मागे जात नाही, पुढेच जाते. आधी क्लचला पकड, मग ब्रेकला सुट्टी, हा क्रम उलटा झाला की मागचा हॉर्न ऐकावा लागतो. अनेक नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो. तो ब्रेकवरचा पाय काढल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतो. मदत चांगली आहे, पण त्या दोन सेकंदांत क्लचची जागा सापडायला तर हवी.

स्वयंचलित चाचणी-ट्रॅकवर आठाचा आकार, ‘एच’, समांतर पार्किंग यांच्याबरोबर चढाचाही टप्पा असतो, आणि गाडी मागे घसरली तर तिथली यंत्रणा ते टिपते. पुण्यात भोसरीजवळ, नाशिक फाट्याला असा ट्रॅक आहे. जिथे परीक्षा अजून माणसाच्या नजरेवर चालते, तिथे मैदानात एक फेरी मारून काम उरकल्याच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. ज्या नियमात चढ स्पष्ट लिहिला आहे, त्याच नियमाखालच्या परीक्षेत चढ वगळणं ही उमेदवाराला केलेली मदत नव्हे. तो चढ त्याला पुढे वरंध्यात किंवा आंबोलीत एकट्याने भेटणार असतो.

घाटाचा विषय निघाला, तर उताराबद्दल एक गैरसमज इथे मोडायला हवा, कारण तो जीवघेणा आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचतं, असं आजही कित्येक जण शपथेवर सांगतात. इंजेक्शनच्या गाडीत हे खरं नाही. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन पूर्ण तोडतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जोरावर जिवंत राहायचं असतं, म्हणून ते पेट्रोल पीत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळं ओझं ब्रेकवर येतं. लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि पकड सोडू लागतात. इंजिनच बंद करून उतरणं तर त्याहून भयंकर : ब्रेकला बळ देणारा व्हॅक्यूम इंजिनाकडून येतो, तो एक-दोनदा दाबण्यापुरता उरतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ‘गाडी न्यूट्रल करू नका’ असे फलक लावावे लागतात ते यासाठीच. उतार दिसला की वळणाआधी तिसरा किंवा दुसरा गिअर टाकायचा. इंजिन गुरगुरतं, गाडी स्वतःला धरून ठेवते, आणि ब्रेक अधूनमधून लागतो.

घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा रस्त्याचा कायदेशीर नियम आहे. त्यामागचं कारण क्लच शिकलेल्या माणसाला लगेच पटतं. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघताना जे करावं लागतं, ते उतरणाऱ्याला करावं लागत नाही.

गिअर बदलण्याचं काम त्यामानाने सोपं झालं आहे. सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये दात थेट एकमेकांवर सरकवत आणि वेग जुळला नाही तर खडखडाट होई. अमेरिकेत कॅडिलॅकने 1928 मध्ये सिंक्रोमेश आणला. त्यात दात अडकण्याआधी एक शंकूच्या आकाराची कडी घर्षणाने दोन्ही भागांचा वेग सारखा करते. जुने ट्रक आणि एसटी चालवलेल्या माणसांच्या तोंडी ‘डबल क्लच’ हा शब्द असतो, तो सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्सच्या काळातला : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचे फेरे जुळवायचे, पुन्हा क्लच दाबून गिअर. आज पुढच्या गिअरना हे लागत नाही. रिव्हर्सला मात्र बहुतेक गाड्यांत सिंक्रो नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. त्याची जागाही गाडीगणिक वेगळी. काहींत उजवीकडे खाली, काहींत कडी उचलून डावीकडे वर. दुसऱ्याची गाडी घेताना दांड्यावरचं चित्र आधी पाहावं. बाकी कुठला गिअर कधी, याचे आकडे पाठ करण्यापेक्षा इंजिन ऐकावं. ते घुसमटल्यासारखं थरथरलं तर गिअर जास्त आहे, ओरडू लागलं तर कमी.

मग हे सगळं शिकायचं कशाला, क्लच नसलेल्या गाड्या मिळत असताना? प्रश्न रास्त आहे. भारतात 2014 मध्ये मारुती सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि ऑटोमॅटिक गाडी छोट्या बजेटमध्ये बसू लागली. एएमटी म्हणजे गिअरची साधीच गाडी, फक्त क्लच आणि दांडा हलवायला आत यंत्र बसवलेलं. गिअर बदलताना ती क्षणभर अडखळते, कारण आत तेच दाबणं-सोडणं चालू असतं. विजेच्या गाडीत तर क्लच नाहीच. गुडघ्याचं दुखणं असलेल्या, रोज दोन तास मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्या माणसाने ऑटोमॅटिक घ्यावी, यात कमीपणा काहीच नाही.

पण आपला कायदा इथे एक मोकळीक ठेवतो आणि ती समजून घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. आपल्याकडे दुचाकीसाठी ‘गिअरची’ आणि ‘बिनगिअरची’ असे दोन वेगळे प्रकार आहेत, चारचाकीला मात्र एकच ‘एलएमव्ही’. ऑटोमॅटिकवर शिकून, ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊन आलेल्याला उद्या गिअरच्या गाडीची किल्ली मिळाली तर कायदा अडवत नाही. अडवायचं त्याचं त्यानेच. आणि किल्ली मिळण्याचे प्रसंग येतात : गावी गेल्यावर काकांची बोलेरो, रात्री अपरात्री दवाखान्यात जायला शेजाऱ्यांची जुनी व्हॅगनआर, नोकरीत दिलेली गाडी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे वाढवताही येते. या वर्षी विकली जाणारी गिअरची गाडी 2040 च्या आसपासही रस्त्यावर असेल, तेव्हा ती कदाचित तिसऱ्या मालकाकडे, एखाद्या पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या घरात असेल.

म्हणून स्कूलमध्ये नाव घालताना दोन-तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. पहिले दिवस मोकळ्या जागी, फक्त क्लचवर. निदान दोन तास चढावर, तेही गर्दी नसताना, आणि त्या वेळी सरांनी आपले पाय जादा पेडलवरून काढून मागे घ्यावेत. ब्रेकवर हवे तर राहू देत, क्लचवर नकोत. हे मागायला संकोच वाटतो, पण पैसे शिकण्याचे भरलेले असतात. एक दिवस सरांना गाडी बाजूला घ्यायला सांगून त्यांचा पाय कुठे असतो ते वाकून पाहिलं तरी चालेल. आणि शक्य असेल तर शेवटचे दोन धडे घरच्या गाडीत, आपल्याच बेसमेंटच्या रॅम्पवर घ्यावेत, रविवारी सकाळी, मागे कुणी नसताना. रॅम्पच्या मधोमध थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि निघायचं. बंद पडली तर पुन्हा.